अमेरिकेचं पासपोर्ट कार्ड: घ्यावं का, आणि घ्यायचं तर कसं

नागरिकत्वाच्या शपथविधीला गेलात की दारातच ग्रीन कार्ड काढून घेतात. इतकी वर्षं जिवापाड जपलेलं ते कार्ड टेबलावरच्या माणसाच्या ट्रेमध्ये पडतं आणि आपण पुढे सरकतो. कार्यक्रम संपला की हातात येतो नागरिकत्वाचा दाखला. भलामोठा कागद, त्यावर आपला फोटो, सही आणि नंबर. फ्रेम करून भिंतीवर लावावा असा देखणा, पण पाकिटात मावत नाही आणि घडी घालायची सोय नाही. हरवला तर दुसरा मिळवायला पाचशे डॉलरच्या वर खर्च आणि महिनोन्‌महिने वाट पाहणं.

यात एक गंमत आहे. ग्रीन कार्ड असणाऱ्या १८ वर्षांवरच्या प्रत्येकाने ते कायम जवळ बाळगलं पाहिजे, असा कायदा आहे. नागरिकावर मात्र असं काहीच बंधन नाही. म्हणजे ज्या दिवशी कार्ड बाळगण्याची सक्ती संपते, नेमकं त्याच दिवसापासून आपल्याजवळ काहीतरी असावं असं वाटायला लागतं. ड्रायव्हिंग लायसन्स असतं, पण त्यावरून नागरिकत्व सिद्ध होत नाही. ते ग्रीन कार्डवाल्याला मिळतं आणि एच-वन व्हिसावाल्यालाही मिळतं.

ही पोकळी भरून काढणारं कार्ड सरकार देतं. त्याचं नाव पासपोर्ट कार्ड. ते ऐच्छिक आहे, फक्त नागरिकांनाच मिळतं आणि तीस डॉलरला पडतं. आपल्या मंडळींपैकी बऱ्याच जणांना ते माहीतच नसतं, कारण पासपोर्टच्या अर्जावर वरती एक छोटा चौकोन असतो आणि घाईघाईत आपण तो सोडून देतो.

हे राष्ट्रीय ओळखपत्र आहे का?

नावाने नाही, कामाने बरंचसं. अमेरिकेत ‘राष्ट्रीय ओळखपत्र’ म्हटलं की डावे आणि उजवे दोघेही बिथरतात. सोशल सिक्युरिटी कार्डावर १९४६ पासून १९७२ पर्यंत ‘हे ओळखीसाठी नाही’ अशा अर्थाची ओळच छापलेली असे. लोकांनी त्याच नंबरला ओळख करून टाकलं ही गोष्ट वेगळी.

पासपोर्ट कार्ड आलं ते सीमेच्या कारणाने. पूर्वी कॅनडाहून गाडीने परत येताना लायसन्स दाखवून, कधी कधी नुसतं तोंडी सांगूनही नागरिकांना सोडत. ११ सप्टेंबरनंतर हे बदललं. २००४ च्या कायद्याने सीमेवर ठोस कागद लागेल असं ठरलं आणि १ जून २००९ पासून जमिनीवरच्या व समुद्री नाक्यांवर नियम लागू झाला. रोज पूल ओलांडून कामाला जाणाऱ्या माणसाला पूर्ण पासपोर्टचा भुर्दंड कशाला, म्हणून २००८ साली हे स्वस्त कार्ड काढण्यात आलं. आधार आणि हे कार्ड यांतला फरक लक्षात घ्या. आधार रहिवाशाला मिळतं आणि ते नागरिकत्वाचा पुरावा नाही असं त्यावरच छापलेलं असतं. पासपोर्ट कार्ड ओळख आणि नागरिकत्व, दोन्हींचा पुरावा आहे.

कुठे चालतं, कुठे अडकवतं

आधी अडकवणारी बाजू सांगतो, कारण तिथे पैसे बुडतात.

या कार्डावर आंतरराष्ट्रीय विमानप्रवास करता येत नाही. भारतात जाता येत नाही, लंडनला नाही, टोरांटोला विमानाने जाऊन परत येणंही नाही. भारतीय व्हिसा किंवा ओसीआय (भारतीय वंशाच्या परदेशी नागरिकांना भारतात ये-जा करायला मिळणारं कार्ड) काढायला पासपोर्टची पुस्तिकाच लागते. तेव्हा ‘स्वस्तात पडतं, कार्डच घेऊ’ असा विचार भारतात ये-जा करणाऱ्या कुणीही करू नये. कार्ड हे पुस्तिकेच्या जोडीला घ्यायचं.

चालतं ते असं. कॅनडा, मेक्सिको, बर्म्युडा आणि कॅरिबियन देशांतून जमिनीवरून किंवा जहाजाने अमेरिकेत परत येताना ते पुरतं. न्यू जर्सीतल्या मराठी घरांच्या दृष्टीने याचा अर्थ नायगारा. गाडी काढायची, रेनबो ब्रिजवरून पलीकडे जायचं, कॅनडाच्या बाजूने धबधबा बघायचा आणि रात्री परतायचं. (भारतातून आलेले आई-बाबा सोबत असतील तर त्यांना कॅनडाचा वेगळा व्हिसा लागतो, हे पुलाच्या तोंडाशी आठवून उपयोग नाही.) सिएटलची मंडळी व्हँकुव्हरला जाताना, डेट्रॉइटची विंडसरला जाताना, सान डिएगोची तिहुआनाहून परतताना हेच.

क्रूझवर कार्ड चालतं, तरी माझं मत पुस्तिका सोबत न्यावी असंच आहे. जहाज कोझुमेलला लागलं आणि तिथे कुणाला हॉस्पिटलात ठेवावं लागलं, तर परतीचं विमान पकडायला कार्डाचा काडीचा उपयोग नाही.

देशांतर्गत विमानप्रवासाला मात्र कार्ड उत्तम. ७ मे २०२५ पासून विमानतळाच्या तपासणीत रिअल आयडी, म्हणजे केंद्राच्या निकषांत बसणारं, ताऱ्याची खूण असलेलं लायसन्स मागतात. ज्यांच्या लायसन्सवर तारा नाही त्यांच्यासाठी पासपोर्ट कार्ड हा सरळ पर्याय आहे. परवाना खात्याच्या कार्यालयात अर्धा दिवस घालवून नवं लायसन्स काढायचं नसेल तर एवढ्या एका कारणासाठीही ते घ्यावं.

दुसरा मोठा उपयोग नोकरीत. नवीन नोकरीला लागताना, इथे काम करायचा हक्क आहे हे दाखवायला आय-९ फॉर्म भरतात. त्याच्या ‘अ’ यादीतला एक कागद दिला की काम भागतं, नाहीतर ‘ब’ आणि ‘क’ यादीतला एकेक. पासपोर्ट कार्ड ‘अ’ यादीत आहे. मात्र कोणता कागद द्यायचा हे आपण ठरवायचं असतं, कंपनीने नाही.

आणखी एक मर्यादा: कार्डावर पत्ता नसतो. लायब्ररीचं कार्ड, शाळेत मुलांचं नाव घालणं, बँकेत पत्ता बदलणं, अशा ठिकाणी विजेचं बिल वगैरे वेगळं न्यावंच लागतं.

मिशिगन, मिनेसोटा, न्यूयॉर्क, व्हर्मॉन्ट आणि वॉशिंग्टन या पाच राज्यांत सीमेवर चालणारं वर्धित लायसन्स मिळतं. ते तुमच्याकडे असेल तर कॅनडाच्या सहलीसाठी या कार्डाची गरज नाही.

कुणी घ्यावं

ज्यांची नुकतीच शपथ झाली आहे आणि पहिलाच पासपोर्ट काढायचा आहे, त्यांनी डोळे झाकून दोन्ही मागावं. का ते खर्चाच्या भागात सांगतो.

मला स्वतःला हे कार्ड सगळ्यात उपयोगी वाटतं ते मुलांकडे येऊन राहिलेल्या, पुढे नागरिक झालेल्या ज्येष्ठांसाठी. आमच्या ओळखीतले एक काका गाडी चालवत नाहीत, त्यामुळे लायसन्स नाही. सकाळी फिरायला जाताना खिशात घराची किल्ली आणि फोन, बस्स. आता किल्लीच्या शेजारी हे कार्ड असतं. पूर्वी ते पासपोर्टची पुस्तिका कापडी पिशवीत घालून गळ्यात अडकवून फिरायचे. “काका, अहो पासपोर्ट घेऊन दूध आणायला कुठे निघालात?” असं मी एकदा विचारलं, तर म्हणाले, “अरे, कुणी विचारलंच तर?” या ‘विचारलंच तर’ला तीस डॉलर ही काही फार मोठी किंमत नाही.

इथे जन्मलेल्या लहान मुलांसाठी मी घाई करणार नाही. १६ वर्षांखालच्या नागरिक मुलांना जमिनीवरून सीमा ओलांडताना जन्मदाखला पुरतो. भारतात जन्मलेल्या, आईबापांबरोबर नागरिक झालेल्या मुलांचं प्रकरण वेगळं आहे. ते पुढे येईल.

अर्ज, पायरीपायरीने

पहिला पासपोर्ट किंवा पहिलं कार्ड असेल तर फॉर्म डीएस-११. परराष्ट्र खात्याच्या सरकारी संकेतस्थळावरच तो भरा. शोधताना वरती येणाऱ्या जाहिराती खाजगी एजंटांच्या असतात आणि फुकट मिळणाऱ्या फॉर्मचे ते पैसे घेतात. पत्त्याच्या शेवटी ‘डॉट गव्ह’ आहे ना, एवढं बघा. संगणकावर भरून एका बाजूला छापा, पाठपोट छापू नका.

फॉर्मच्या माथ्यावर पुस्तिका, कार्ड की दोन्ही असं विचारतात. ‘दोन्ही’वर खूण करा. मोठी पुस्तिका हवी का असाही चौकोन असतो. जास्त पानांना जास्त पैसे पडत नाहीत, तेव्हा तीही खूण करून टाका.

आता नाव. हा आपल्या लोकांचा खास गुंता, म्हणून थोडा थांबतो. आपल्या नावात मधलं नाव वडिलांचं किंवा नवऱ्याचं. भारतीय पासपोर्टवर ते बहुतेक वेळा पहिल्या नावाच्याच रकान्यात जोडून येतं. पुढे व्हिसा, ग्रीन कार्ड, लायसन्स या प्रवासात कुणाचं मधलं नाव गळतं, कुणाचं आद्याक्षर उरतं. अमेरिकन पासपोर्टसाठी नागरिकत्वाच्या दाखल्यावर जे आहे ते प्रमाण. फॉर्मवर अक्षरन्‌अक्षर तेच लिहा. दाखल्यावरच चूक असेल तर आधी ती दुरुस्त करून घ्या, नाहीतर तीच चूक पुढची दहा वर्षं पासपोर्टवर मिरवेल. दाखला हातात मिळतो तेव्हाच, सभागृहातून बाहेर पडण्याआधी, नाव आणि जन्मतारीख वाचायची. फोटो काढण्याच्या नादात हे राहून जातं.

यापूर्वी वापरलेली इतर नावंही फॉर्ममध्ये विचारतात. लग्नात ज्यांचं आडनावच नव्हे तर पाळण्यातलं नावही बदललं, त्यांनी माहेरचं पूर्ण नाव इथे लिहावं. आईवडिलांच्या रकान्यातही आईचं *जन्माच्या वेळचं* नाव मागितलेलं असतं, म्हणजे तिचं माहेरचं नाव. आपण सवयीने सासरचं लिहितो.

आईवडिलांच्या जन्मतारखा लागतात. आपल्या मागच्या पिढीत अर्ध्या लोकांचा वाढदिवस एक जूनला येतो, कारण शाळेत नाव घालताना गुरुजींनी तीच तारीख टाकली. जी तारीख आजवरच्या कागदांवर आहे तीच लिहा. आजी खरी तिथी सांगत असेल तर ती घरात साजरी करा, फॉर्मवर नको. तारीख अजिबातच माहीत नसेल तर माहीत नाही असं लिहा, अंदाजाने ठोकू नका.

जन्मस्थळाच्या रकान्यात आज प्रचलित असलेलं नाव लिहायला सांगितलेलं असतं. दाखल्यावर ‘बॉम्बे’ किंवा ‘पूना’ असलं तरी मुंबई, पुणे लिहा. औरंगाबाद, अहमदनगर, उस्मानाबाद इथल्या मंडळींना हा प्रश्न आता नव्याने पडतो. झोप उडवून घेऊ नका. परदेशात जन्मलेल्यांच्या कार्डावर गाव छापतच नाहीत, फक्त ‘इंडिया’ येतं.

सोशल सिक्युरिटी नंबर लिहावाच लागतो. उंची फूट-इंचात. प्रवासाची तारीख ठरली नसेल तर तो रकाना मोकळा राहिला तरी चालतं.

आणि सही करू नका. हे ठळक लिहिलं, कारण मी स्वतः घरी टेबलावर छान सही करून गेलो होतो. खिडकीवरच्या बाईंनी कोरा फॉर्म पुढे सरकवला आणि म्हणाल्या, पुन्हा भरा. डीएस-११ वर सही अधिकाऱ्यासमोर, शपथेवर करायची असते.

सोबत न्यायचे कागद:

- नागरिकत्वाचा मूळ दाखला आणि त्याची झेरॉक्स
- फोटो असलेलं ओळखपत्र, बहुधा लायसन्स, आणि त्याची दोन्ही बाजूंची झेरॉक्स
- दोन इंच बाय दोन इंच फोटो एक, पांढऱ्या पार्श्वभूमीवर, चष्मा न लावता, सहा महिन्यांच्या आतला
- शुल्काचा चेक किंवा मनी ऑर्डर

दाखल्यावर लिहिलेलं असतं की परवानगीशिवाय त्याची नक्कल करणं गुन्हा आहे. ते वाचून काही जण झेरॉक्स काढायलाच घाबरतात. पासपोर्टच्या अर्जासाठी प्रत खुद्द सरकारच मागतं, तेव्हा निर्धास्त काढा. दाखला लॅमिनेट मात्र करू नका. आपल्याकडे शिधापत्रिकेपासून दहावीच्या गुणपत्रिकेपर्यंत सगळं लॅमिनेट करायची हौस आहे. ती इथे आवरा.

ओळखपत्र तुम्ही अर्ज करत असलेल्या राज्याचं नसेल तर दुसरंही एखादं ओळखपत्र न्या. नुकतंच टेक्सासहून न्यू जर्सीला आलेल्यांची इथेच फेरी वाया जाते. गाडी न चालवणाऱ्या ज्येष्ठांकडे राज्याचं ओळखपत्र असेल तर उत्तम. नसेल तर फोटो ओळखू येत असेल तर नागरिकत्वाचा दाखलाच ओळखपत्र म्हणूनही धरतात.

हे सगळं घेऊन अर्ज स्वीकारणाऱ्या केंद्रात जायचं. बहुतेक ठिकाणी ते म्हणजे पोस्ट ऑफिस, काही ठिकाणी काउंटी क्लार्कचं कार्यालय किंवा सार्वजनिक वाचनालय. पोस्टात आधी वेळ घ्यावी लागते. जवळच्या पोस्टात तीन आठवडे वेळ नसेल तर पंधरा-वीस मैलांवरच्या लहान गावातलं बघा. तिथे पुष्कळदा दोन दिवसांत वेळ मिळते आणि खिडकीवरचा माणूसही निवांत असतो.

तिथे जाण्याआधी एक विचार करून ठेवा. मूळ दाखला अर्जाबरोबर जातो. ग्रीन कार्ड आधीच गेलेलं, भारतीय पासपोर्ट आता वापरता येत नाही. म्हणजे काही आठवडे तुमच्याकडे प्रवासाचा कुठलाच कागद नसतो. या काळात भारताचं तिकीट काढू नका. पुस्तिका आल्यावरही पुढे भारतीय पासपोर्ट जमा करून सरेंडर सर्टिफिकेट आणि मग ओसीआय किंवा व्हिसा, ही पायरी उरतेच. दिवाळीला घरी जायचं असेल तर हिशोब उन्हाळ्यापासूनच मांडायला हवा.

पैसे

हा लेख लिहिताना १६ वर्षांवरच्यांसाठी पुस्तिका १३० डॉलर, कार्ड ३० डॉलर, आणि केंद्राचं शुल्क ३५ डॉलर. दोन्ही एकदम घेतलं तर १३० अधिक ३० अधिक ३५, म्हणजे १९५. नुसतं कार्ड ६५ ला. ३५ डॉलर केंद्राला वेगळे द्यायचे असतात आणि बाकीचे परराष्ट्र खात्याच्या नावाने. दोन्हींचा एकच चेक लिहून नेलात तर परत पाठवतील. चेकच्या खालच्या ओळीत अर्जदाराचं नाव आणि जन्मतारीख लिहा.

घाई असेल तर ६० डॉलर जास्त. साधारण अर्जाला चार ते सहा आठवडे, घाईच्या अर्जाला दोन ते तीन. यात टपालाचा वेळ धरलेला नाही, तो जाता-येता मिळून आणखी काही आठवडे खातो. बावीस डॉलर पाच सेंट भरून एक-दोन दिवसांत घरपोच मागवायची सोय फक्त पुस्तिकेला आहे. कार्ड साध्या टपालानेच येतं, कितीही पैसे द्यायची तयारी असली तरी.

पहिल्याच अर्जात दोन्ही मागा असं का म्हणालो? कार्ड पुढे कधीही ३० डॉलरलाच मिळतं, त्यामुळे पैशात फरक पडत नाही. पण नंतर एकटं कार्ड मागायचं तर चालू पासपोर्ट पुस्तिका टपालाने पाठवून द्यावी लागते आणि कार्ड तयार होईपर्यंत ती हातात नसते. आईवडील भारतात असलेल्या माणसाला पासपोर्टविना सहा-आठ आठवडे काढणं म्हणजे काय, हे सांगायला नको. रात्री अडीचला फोन वाजू शकतो.

पुस्तिका आधीच असेल तर

तरीही हवं असेल तर फॉर्म डीएस-८२. हा टपालाने जातो. केंद्रात जायला नको, ३५ डॉलरही नाहीत. अट अशी की पुस्तिका शाबूत असावी, कधी हरवल्याची नोंद झालेली नसावी, तुमच्या वयाच्या १६ व्या वर्षानंतर आणि गेल्या १५ वर्षांत मिळालेली असावी आणि नाव तेच असावं, किंवा नाव बदलल्याचा कागद जोडावा. फॉर्म, फोटो, ३० डॉलरचा चेक आणि पुस्तिका असं एका पाकिटात घालून मागोवा घेता येईल अशा टपालाने पाठवा. या फॉर्मवर सही मात्र घरीच करायची. डीएस-११ च्या नेमकं उलट.

सहलीचा किंवा भारतवारीचा मोसम सोडून हे करा. सगळ्यात बरा मुहूर्त म्हणजे भारतातून नुकतंच परतल्यावरचा आठवडा.

पुस्तिकेची मुदत वर्ष-दीड वर्षात संपत असेल तर वेगळं काही करू नका. नूतनीकरणाच्या वेळीच दोन्ही मागा, १६० डॉलरमध्ये काम होतं.

भारतात जन्मलेली मुलं

ग्रीन कार्डवर असलेली, १८ वर्षांखालची, नागरिक झालेल्या आई किंवा वडिलांच्या ताब्यात इथेच राहणारी मुलं २००० सालच्या कायद्याने आपोआप नागरिक होतात. आई किंवा बाबा शपथ घेतात त्याच क्षणी. पण मुलाच्या नावाचा कुठलाही कागद घरी येत नाही. पुष्कळ घरांत हे मूल कॉलेजला जाईपर्यंत जुन्या ग्रीन कार्डावरच चालवतात आणि मग आर्थिक मदतीच्या फॉर्ममध्ये अडकतात.

त्याच्या नावाचा स्वतंत्र दाखला एन-६०० फॉर्मने मिळतो, पण त्याला तेराशे डॉलरच्या वर मोजावे लागतात. पासपोर्ट आणि कार्ड मिळून १६ वर्षांखालच्या मुलाला १५० डॉलर: पुस्तिका १००, कार्ड १५, केंद्राचे ३५. पुरावा म्हणून दोन्ही चालतं. मी आधी पासपोर्ट काढीन आणि एन-६०० चा विचार सवडीने करीन.

अर्जासोबत लागतं ते असं: नागरिक झालेल्या पालकाचा दाखला, मुलाचं ग्रीन कार्ड, मुलाचा जन्मदाखला आणि आईवडिलांचा विवाहदाखला. १६ वर्षांखालच्या मुलासोबत दोन्ही पालकांनी हजर राहायचं. एकाला जमत नसेल तर त्याचं नोटरी केलेलं संमतिपत्र, फॉर्म डीएस-३०५३.

खरी परीक्षा जन्मदाखल्याची. महानगरपालिकेचा किंवा ग्रामपंचायतीचा जुना दाखला नुसता मराठीत असेल तर प्रमाणित इंग्रजी भाषांतर लागतं. कधी दाखल्यावर मुलाचं नावच नसतं, कारण नोंद झाली तेव्हा बारसं व्हायचं होतं. नाव नंतर घालता येतं, पण त्यासाठी जिथे नोंद झाली तिथेच अर्ज करावा लागतो. इथून ते काम करायचं तर गावात एक खमका मामा लागतो. आणि आईचं नाव: बाळंतपण माहेरी झालं, दवाखान्यात आजोबांनी नाव सांगितलं, आणि दाखल्यावर आईचं माहेरचं नाव आलं. तिच्या नागरिकत्वाच्या दाखल्यावर सासरचं. विवाहदाखला ही दोन नावं जोडतो, म्हणूनच तो मागतात. त्यावर दोन्ही नावं आहेत ना ते आधी बघून घ्या. नसतील तर राजपत्रात नाव बदलल्याची जाहिरात, जुना पासपोर्ट, जे काही दोन नावांना एकत्र आणतं ते सोबत ठेवा.

हातात आल्यावर

पुस्तिका, कार्ड आणि तुमचे मूळ कागद अशी तीन वेगळी पाकिटं वेगवेगळ्या दिवशी येऊ शकतात. पुस्तिका आली आणि दाखला आला नाही म्हणून घाबरू नका, तो काही आठवडे मागाहून येतो. कार्डाचं पाकीट साधंसुधं असतं. जाहिरातीचं टपाल समजून फेकू नका.

नाव, जन्मतारीख, लिंग लगेच तपासा. छपाईची चूक असेल तर फॉर्म डीएस-५५०४ ने फुकट दुरुस्त करून मिळतं.

कार्डाबरोबर एक पातळ म्यान येतं. कार्डात दुरून वाचता येणारी चिप असते, म्हणजे नाक्यावर गाडी पोहोचेपर्यंत अधिकाऱ्याच्या पडद्यावर तुमची नोंद उघडलेली असते. काही नाक्यांवर अशा कार्डांसाठी वेगळी मार्गिका आहे आणि सुट्टीच्या दिवशी तिथे बराच वेळ वाचतो. चिपमध्ये तुमचं नाव-गाव नसतं, फक्त एक क्रमांक असतो. तरी एरवी कार्ड म्यानातच ठेवा.

मुदत मोठ्यांना १० वर्षं, १६ खालच्यांना ५.

हरवलं तर डीएस-६४ फॉर्मने कळवायचं. कार्ड आणि पुस्तिका वेगवेगळी धरतात, त्यामुळे कार्ड गेलं म्हणून पुस्तिका बाद होत नाही. पण एकदा हरवल्याचं कळवलं की ते कार्ड कायमचं रद्द होतं, नंतर सापडलं तरी. मग पुन्हा डीएस-११, पुन्हा पोस्टाची वेळ, पुन्हा ६५ डॉलर. पाकीट चोरीला गेलं असेल तर तासाभरात कळवा. घरातच कुठेतरी ठेवलं गेलं असेल तर आधी हिवाळ्याचे सगळे कोट काढून खिसे चाचपा. आमच्याकडचं कार्ड तिथेच होतं, फॉर्म पाठवल्याच्या तिसऱ्या दिवशी.